कृष्णाखोरी वळूपासून रेतकांडीपर्यंत

कोल्हापूर जिल्ह्यातील कोडोलीच्या उत्तरेस वाहणारी वारणा पुढे हरिपूरजवळ कृष्णेला मिळते, आणि या कृष्णेच्या खोऱ्यातील काळ्याभोर, चिकट जमिनीत पूर्वी जी खोल नांगरट करावी लागे ती हलक्या अंगाच्या बैलांचे काम नव्हते, हे ट्रॅक्टरपूर्वीची शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना निराळे सांगावयास नको. ह्या जमिनीच्या गरजेतूनच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत सांगलीच्या संस्थानिकांनी आणि दक्षिण मराठा मुलखातील इतर पशुपालकांनी गीर, ओंगोल, कांक्रेज आणि म्हैसूरकडील हल्लीकर या वंशांचे रक्त स्थानिक गुरांत मिसळून कृष्णाखोरी नावाची एक भारदस्त, रुंद छातीची, आखूड शिंगांची जात सिद्ध केली. कृत्रिम रेतन, गोठित वीर्य, संप्रेरके यांपैकी एकही साधन त्या वेळी उपलब्ध नसताना केवळ वळूची निवड आणि माता-पित्यांची स्मृती यांच्या बळावर एक नवी जात उभी राहिली, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

ह्या जातीचे पुढे दोन ठिकाणी दोन निरनिराळे भवितव्य ठरले. तिचे काही वळू समुद्रापार गेले, आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील उष्ण, गोचीडग्रस्त प्रांतांत गीर, गुजरात आणि नेल्लोर यांच्याबरोबर कृष्णाखोरीच्या रक्तातूनही ‘ब्राह्मन’ ही मांसासाठी पाळली जाणारी जात घडली. तिच्या पैदासकारांची संघटना १९२४ साली स्थापन झाली आणि तेव्हापासून त्या वंशाच्या जनावरांची वंशावळ नोंदली जात आहे. इकडे, जिथे ती जन्मली तिथे, उसाचे मळे वाढले, नांगर ट्रॅक्टरला जोडला गेला, आणि कृष्णाखोरीची शुद्ध जनावरे शोधून काढावी लागावीत इतकी विरळ झाली. ज्या रक्ताची आपल्याकडे वंशावळ राहिली नाही ते परमुलखात खतावणीसारखे काटेकोर जपले गेले, याची खंत बाळगण्यात काही वावगे आहे असे मला वाटत नाही.

जुन्या पैदाशीची व्यवस्था आठवावी म्हणजे तिचे गुण आणि दोष दोन्ही ध्यानात येतात. खिलार गुरांचे कळप राखणारे ठिल्लारी लोक वळूची पारख पिढीजात करीत, आणि औंध संस्थानातील आटपाडी महालाचे खिलार म्हणून एक पोटप्रकारच नावारूपाला आला होता. परंतु सामान्य गावात देवाला सोडलेला, कुणाच्याही दावणीला नसलेला वळू जसा असेल तसा वापरला जाई, आणि त्याच्याच लेकींवर तोच वर्षानुवर्षे चालत राही. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषि आयोगाने १९२८ साली ह्या दुरवस्थेकडे लक्ष वेधले, मुंबई इलाख्यात १९३३ साली पशुधन सुधारणेचा कायदा झाला, आणि निकृष्ट वळूंचे खच्चीकरण करण्याचा अधिकार सरकारी अंमलदारांस मिळाला. कोडोली त्या वेळी कोल्हापूर संस्थानात होती, तेव्हा इलाख्याचा हुकूम येथे चालत नसे. १९४९ साली विलीनीकरण झाल्यावर मात्र संस्थानची रयत आणि तिची गुरे एकाच कारभाराखाली आली.

याच सुमारास पैदाशीचे शास्त्र मुळापासून बदलत होते. भारतात कृत्रिम रेतनाचा पहिला प्रयोग १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत संपतकुमारन यांनी केला, १९४२ पासून इज्जतनगरच्या संशोधन संस्थेत त्यावर पद्धतशीर काम सुरू झाले, आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेत प्रमुख ग्राम योजनेच्या रूपाने ते खेड्यापर्यंत नेण्याची तजवीज झाली. पण त्या काळचे ताजे वीर्य दोन-चार दिवसांपलीकडे टिकत नसे, आणि रस्ते खराब असलेल्या मुलखात तेवढा अवधी पुष्कळदा वाटेतच सरे. १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांना ग्लिसरॉलच्या साहाय्याने शुक्रजंतू गोठवून पुन्हा सजीव करता येतात असे आढळले, आणि त्या शोधाने वळूचे वीर्य वळूच्या आयुष्यापासून मोकळे केले. उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेले वीर्य वर्षानुवर्षे टिकते, मग तो वळू जिवंत असो वा नसो.

महाराष्ट्रात हे काम गोठ्याच्या दारापर्यंत नेण्याचे मोठे श्रेय मणिभाई देसाई यांना द्यावे लागेल. गांधीजींच्या सहवासातून उरुळी कांचनला स्थायिक झालेल्या या माणसाने १९६७ साली भारतीय कृषि-उद्योग प्रतिष्ठान, म्हणजे ज्याला सर्वजण ‘बाएफ’ म्हणून ओळखतात ती संस्था, काढली. गाय दवाखान्यापर्यंत चालवीत नेण्याऐवजी तंत्रज्ञच गोठ्यापर्यंत जाईल, ही तिची रीत होती. त्याच दशकात कोल्हापूर जिल्ह्यात दुधाचे सहकारी संघ उभे राहिले. जिल्हा संघ १९६३ साली निघाला, आणि कोडोलीच्या शिवेलगत तात्यासाहेब कोरे यांनी वसविलेल्या वारणानगरात साखर कारखान्यापाठोपाठ वारणा दूध संघही उभा राहिला. उसाचे वाडे गोठ्यात, गोठ्यातले शेण उसात आणि दूध संघात, असे हे चक्र होते, आणि त्यात दर वर्षी वेत मिळणे ही चैन नसून प्रपंचाची गरज झाली.

प्रत्यक्ष रेतनाचे काम जवळून पाहिले म्हणजे त्यातील नाजूकपणा कळतो. पहाटे धारेच्या वेळी गाय हंबरू लागते, दूध चोरते, योनीतून काचेसारखा पारदर्शक सोट लोंबतो, आणि मालक म्हणतो, “माजावर आलीय, डॉक्टरला सांगा.” सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावी, हा नियम आता गोठ्यातील बायकांनाही तोंडपाठ आहे. तंत्रज्ञ नायट्रोजनच्या पिंपातून चिमट्याने गोठित वीर्याची कांडी उचलतो, ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरतो, पुसून कोरडी करतो, टोक कापतो आणि रेतनाच्या बंदुकीत बसवितो. एक हात गुदद्वारातून घालून गर्भाशयाचे मुख चाचपून धरायचे आणि दुसऱ्या हाताने बंदूक त्या मुखातून पुढे सारून पाव मिलिलिटर द्रव योग्य जागी सोडायचा, एवढेच काम. पण त्या पाव मिलिलिटरमध्ये दोन कोटींच्या आसपास शुक्रजंतू असतात, आणि पाणी थंड असले, हात घाईचा असला किंवा पिंपातील नायट्रोजन उतरला असला तर ते सारे व्यर्थ जातात. एकवीस दिवसांनी जनावर पुन्हा माजावर आले म्हणजे ‘उलटले’ असे म्हणतात, आणि तेवढ्या दिवसांच्या वैरणीचा आणि दुधाचा तोटा मालकाच्या माथी बसतो.

कोल्हापूरकरांचे खरे प्रेम म्हशीवर. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर पिळलेले धारोष्ण दूध पिण्याची परंपरा या शहराने जपली, आणि तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस तिच्याशी जोडली गेली. परंतु म्हशीची पैदास गायीपेक्षा अवघड आहे. ती उन्हाळ्यात बहुधा माज दाखवीत नाही, दाखविला तर तो मुका असतो, आणि गाभण काळ गायीच्या सुमारे २८० दिवसांच्या जागी ३१० दिवसांचा असतो. म्हणून भाकड दिवस वाढतात. ह्याच अडचणीसाठी संप्रेरकांच्या इंजेक्शनांनी बीजविमोचन ठरावीक वेळी घडवून आणण्याची पद्धत, जी १९९५ साली अमेरिकेत दुभत्या गायींसाठी प्रसिद्ध झाली, तिचे उपयोग आता म्हशींतही होतात. ही पद्धत वंध्यत्वावरचा सर्वसाधारण उपाय नव्हे. खुराक आणि खनिज मिश्रण यांची हयगय झालेल्या म्हशीच्या बीजांडकोशावर इंजेक्शनाचा अंमल चालत नाही.

मांसासाठी गुरे पाळणाऱ्या देशांत हेच तंत्र निराळ्या हेतूने वाढले. तिकडे शेकडो गायी कुरणात मोकळ्या असतात, त्यांचा माज बघायला कुणी नसते, आणि वासरे एकाच हंगामात जन्मावीत यासाठी पैदाशीचा काळ दोन-तीन महिन्यांत बांधून घेतात. ब्राझीलमधल्या नेलोर गायी मुळात आपल्या ओंगोल वंशाच्या. अशा वशिंडाच्या गायींचा माज अल्पकाळ टिकतो आणि पुष्कळदा रात्री येतो, म्हणून तिथे माज न पाहता ठरल्या वेळी रेतन करण्याचा प्रघात पडला. आपल्या खिलार गायीचा स्वभावही असाच आहे, तेव्हा त्या अनुभवापासून आपल्याला शिकण्यासारखे आहे. महाराष्ट्रात मात्र गोवंशाची मांसासाठी पैदास होत नाही. १९७६ च्या कायद्याने गाय आणि २०१५ च्या दुरुस्तीने वळू व बैलही कत्तलीपासून वगळले गेले. परिणामी ट्रॅक्टरच्या काळात जन्मलेला संकरित गोऱ्हा मालकाला ओझे होतो, आणि लिंगनिश्चित वीर्याकडे ओढा वाढला. मादी घडविणाऱ्या शुक्रजंतूत सुमारे चार टक्के अधिक जनुकद्रव्य असते, त्या फरकावर तो निवडून काढला जातो, आणि अशा कांडीतून दहापैकी नऊच्या आसपास कालवडी होतात. गर्भधारणा मात्र साध्या कांडीहून काहीशी कमी राहते. खिलार खोंडाचे तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंद केलेल्या बैलगाडा शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्यापासून त्याचे मोल चढले आहे.

दुधाच्या बाबतीत या प्रवासाने आपले कल्याण केले, यात शंका नाही. उणीव आहे ती दप्तराची. प्रत्येक कांडीवर वळूचा क्रमांक, जात आणि वीर्यकेंद्र छापलेले असते, परंतु काम आटोपल्यावर ती कांडी शेणात जाते, आणि तीन वर्षांनी त्या कालवडीला भरविताना तिचा बाप कोण हे कुणास सांगता येत नाही. मग तोच वळू पुन्हा तिच्यावर वापरला जाण्याचा धोका उद्भवतो, आणि देवाला सोडलेल्या वळूच्या काळातील जुना दोष नव्या साधनांनिशी परततो. राज्यात १ जून २०२४ पासून कानात बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही, आणि त्या क्रमांकाखाली रेतनाची नोंद करण्याची सोय सरकारने केली आहे. तंत्रज्ञ बंदूक धुऊन निघण्यापूर्वी पशुपालकांनी त्याच्याकडून रिकामी कांडी मागून घ्यावी, तिच्यावरचा क्रमांक तारखेसह वहीत उतरवावा, आणि तोच बिल्ल्याच्या खात्यात चढला की नाही हे विचारावे, एवढी माझी त्यांना विनंती आहे.