आईच्या ग्रुपवर तुमचा क्यूआर

स्नेहसंमेलन जवळ आलं की शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतोच : ड्रेस, मेकअप आणि बाईंचं गिफ्ट मिळून साडेतीनशे रुपये. मग प्रश्न, गुगल पे कुणाला करायचं? तेवढ्यात तुमची आई लिहून मोकळी होते, ‘आमचा मोठा कॉलेजला आहे, त्याला जमतं हे सगळं.’ झालं! धाकट्या बहिणीच्या वर्गाचे खजिनदार म्हणून तुम्ही बिनविरोध निवडून आलात.

वरवर पाहता यात अवघड काहीच नाही. क्यूआर टाकायचा, नोटिफिकेशन्स मोजायची. यूपीआयनं खात्यात पैसे घ्यायला शुल्कही लागत नाही. पण चाळीस घरांचे चौदा हजार तुमच्या पॉकेटमनीत मिसळले, त्यातूनच मेसचं बिल गेलं, की कोणते पैसे कुणाचे हे सांगताना घाम फुटतो.

खरा धोका मात्र वेगळाच. पैसे देणाऱ्यांपैकी एखाद्याच्या खात्यात सायबर फसवणुकीतली रक्कम आलेली असेल आणि ती पुढे तुमच्याकडे सरकली असेल, तर माग काढत पोलिसांची सूचना तुमच्या बँकेपर्यंत येऊ शकते. मग तेवढी रक्कम अडकते, कधी अख्खं खातंच गोठतं. परीक्षा फी त्याच खात्यातून भरायची असेल तर काय सीन होईल, विचार करा. त्या साडेतीनशेत तुमची काही चूक नसते, तरी बँकेच्या नि पोलिसांच्या चकरा तुम्हालाच.

म्हणून आईला आधी एक विचारा : हे पैसे शाळेच्या किंवा पालक-शिक्षक संघाच्या खात्यात घेता येतील का? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणजे संघ नव्हे. खासगी शाळांच्या फीसाठी महाराष्ट्रात २०११चा कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक पालक संघाचा सदस्य असतोच. दोघांच्या सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत असं खातं असेल तर उत्तम. तसं काहीच नसेल, तर निदान तुमचं रोजच्या वापरात नसलेलं खातं घ्या.

स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका. ‘पेमेंट सक्सेसफुल’चं चित्र बनवणारी बनावट अ‍ॅप्स सर्रास सापडतात. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये बारा आकडी यूटीआर नंबर दिसला तरच पैसे आले. पैसे देताना मुलाचं नाव नोटमध्ये लिहायला सांगा, कारण रक्कम येते आजोबांच्या नाहीतर बाबांच्या दुकानाच्या नावानं. आणि कुणी ‘पैसे पाठवतोय, तुझा पिन टाक’ म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसलातच तर लगेच १९३०.

आता यादी. ‘खालील पालकांचे पैसे आलेले नाहीत’ अशी नावं ग्रुपवर टाकायचा मोह आवरा. कुणाचा पगार व्हायचा असतो, कुणाकडे साधा फोन असतो, कुणाच्या घरी तीन मुलं असतात. आणि ती यादी घरातली पोरंही वाचतात. दुसऱ्या दिवशी वर्गात चर्चा होते ती त्यांचीच. ग्रुपवर फक्त जमलेली एकूण रक्कम टाका, बाकीच्यांशी आईला एकेकटं बोलू दे. रोख घ्यायची सोय ठेवा आणि चिठ्ठीवर का होईना, पावती द्या.

वर्गाबाहेरच्या लोकांकडे मदत मागायची असेल, समजा ग्रंथालयासाठी किंवा एखाद्या मुलाच्या उपचारासाठी, तर प्रकरण बदलतं. धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायला नोंदणी नसलेल्यांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ क कलमाखाली परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच. अमेरिकन पासपोर्ट घेतलेल्या काकांना तर परस्पर क्यूआर पाठवूच नका. भारतीय पासपोर्टवर तिकडे नोकरी करणारा दादा चालतो, पण परदेशी नागरिकाची देणगी एफसीआरएच्या कक्षेत येते आणि त्याला केंद्राची नोंदणी किंवा आधी परवानगी हवी.

कार्यक्रम झाला की बिलांचे फोटो आणि हिशेब त्याच आठवड्यात टाका. आणि उरलेले सहाशे वीस रुपये? ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून खात्यात पडू देऊ नका. पुढच्या वर्षी तुकडी बदलते, ग्रुप बदलतो आणि तुम्ही पुण्यात हॉस्टेलवर असता.