टेनिस न खेळताही ‘टेनिस एल्बो’

दौंड-शिरूरकडे उसाचा हंगाम सुरू झाला की कोयता दिवसभर चालतो. अशा कामात कोपर बाहेरच्या बाजूने दुखू लागले, कळशी उचलताना किंवा कपडे पिळताना कळ आली, तर तो ‘टेनिस एल्बो’ असू शकतो. हे नाव टेनिसपटूंवरून पडले असले, तरी बहुतेक रुग्णांनी रॅकेट हातातही धरलेली नसते. मूठ आवळताना मनगट सावरणारे स्नायू कोपराच्या हाडाला जिथे जोडलेले असतात, तिथला टेंडन सततच्या ताणाने झिजतो.

हातावर पोट असलेल्याला सुट्टी परवडत नाही. म्हणून लगेच इंजेक्शन मागितले जाते. स्टेरॉइडने काही आठवडे आराम पडतो; पण वर्षभरानंतर इंजेक्शन न घेतलेल्यांचाच हात अधिक बरा असल्याचे अभ्यासांत दिसले आहे.

काम पूर्ण थांबवण्यापेक्षा ताण कमी करा. कोयत्याला धार ठेवा, मुठीवर कापड गुंडाळून पकड जाड करा. ओझे दोन्ही हातांनी, तळवे वर ठेवून उचला.

रोजचा व्यायाम सोपा आहे. हात मांडीवर टेकवा, तळवा खाली ठेवून अर्धा लिटर पाण्याची बाटली धरा. दुसऱ्या हाताने मनगट वर उचला आणि मग सावकाश खाली सोडा, असे १० ते १५ वेळा करा. थोडे दुखले तर चालेल. दुखणे वाढत गेले तर वजन कमी करा.

बरे व्हायला काही महिने लागतात, पण बहुतेकांचा हात वर्षभरात बरा होतो. बोटांना मुंग्या, कोपराला सूज किंवा ताप असेल, तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवा.