नोहाचं वचन आणि चढता समुद्र

मंडळी, आज आपण एकच प्रश्न घेऊ. पुन्हा जलप्रलय आणून पृथ्वीचा नाश करणार नाही, असा करार देवानं नोहाशी केला आणि त्याची खूण म्हणून ढगांत धनुष्य ठेवलं. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायातली ही कथा. मग आज समुद्र चढतो आहे, त्याचा अर्थ भाविकानं काय लावायचा?

हा प्रश्न तुवालूमध्ये अगदी रोजचा आहे. प्रशांत महासागरातला हा नऊ बेटांचा देश. जमीन अवघी २६ चौरस किलोमीटर, वस्ती सुमारे ११ हजार, आणि सगळ्यांत उंच जागासुद्धा समुद्रसपाटीपासून पाच मीटरच्या आत. १८६१ साली कुक बेटांवरचा एलेकाना होडीतून भरकटत इथं पोचला आणि ख्रिस्ती शिकवण रुजली. आज बहुतेक लोक एकाच चर्चचे सभासद आहेत. त्यामुळे पाळक रविवारी जे बोलतो, ते गावाच्या निर्णयांत उतरतं.

तिथं पुलाका नावाचा कंद लावतात, आपल्या अळूच्या कुळातला. त्यासाठी जमिनीखालच्या गोड्या पाण्यापर्यंत खड्डे खणतात. मोठ्या भरतीला खालून खारं पाणी वर येतं आणि पीक जळतं. खाडीकाठच्या खारवट शेतीची ज्यांना माहिती आहे, त्यांना याहून जास्त सांगायला नको.

आता कथेचं पहिलं वाचन बघू. देवानं शब्द दिलाय, तो मोडणार नाही. तेव्हा घाबरायचं कारण नाही. याला भाबडेपणा म्हणून झटकून टाकणं सोपं आहे. पण आपण जरा थांबूया. ज्यांनी धूर सोडलाच नाही, त्यांना जग सांगतंय की तुमचा देश बुडणार. अशा वेळी ते वचन धीर देतं, आणि जमीन न सोडण्याचं बळही देतं. अडचण एवढीच, की धोकाच नाही म्हटलं की तयारीही राहते.

दुसरं वाचन तिथल्याच धर्मचिंतनातून पुढे आलं. देवानं वचन दिलं ते स्वतःच्या हातांविषयी, माणसाच्या हातांविषयी नाही. हे पाणी कोळसा आणि तेल जाळल्यामुळे चढतंय. म्हणजे करार देवानं मोडलेला नाही. तो करार नोहाबरोबर प्रत्येक सजीवाशी होता, आणि त्या सगळ्यांना आज धोक्यात घालतोय तो माणूस. शिवाय नोहा नुसता विश्वास ठेवून बसला नव्हता. सूचना मिळाल्यावर त्यानं तारू बांधलं.

या वाचनानं एक मोठं ओझं उतरतं. मूळ कथेत पूर येतो तो दुष्टाईमुळे. तोच हिशेब लावला तर 'आमचंच काही पाप असेल' असं बुडणाऱ्याला वाटू लागतं. पाणी माणसानं चढवलंय म्हटल्यावर प्रश्न शिक्षेचा राहत नाही, न्यायाचा होतो.

प्रत्यक्षात काय झालं? २००४ साली प्रशांत महासागरातल्या चर्चचे प्रतिनिधी किरिबातीत ओतिन ताई इथं जमले. त्यांच्या निवेदनात हवामानबदल मानवनिर्मित असल्याचं स्पष्ट म्हटलं होतं आणि जगभरच्या चर्चना सोबत उभं राहण्याची हाक होती. २०२३ साली तुवालूनं ऑस्ट्रेलियाशी करार केला. त्यानुसार वर्षाला २८० जणांना तिथं जाऊन राहता येतं. कराराचं नाव 'फालेपिली'. शेजाऱ्याला घरच्यासारखं जपणं, असा त्या शब्दाचा भाव.

पण तारूची कथा इथं अपुरी पडते, हेही बघायला हवं. तारूत एकच कुटुंब चढलं. बाकीच्यांचं काय झालं, याबद्दल कथा फारसं बोलत नाही. आज कोण जाणार, कोण मागे राहणार, वाडवडिलांच्या कबरी कोण सांभाळणार, याचं उत्तर नोहाकडे नाही. ते 'शेजाऱ्यावर प्रीती कर' या आज्ञेत शोधावं लागेल. आणि शेजारी म्हटलं की त्यात धूर सोडणारे दूरचे देशही आले.

म्हणून आमचं म्हणणं असं: वचनावरचा विश्वास आणि विज्ञानाचा इशारा, यांतलं एकच निवडायची सक्ती तुवालूच्या भाविकावर नाही. पुढच्या वेळी याच अंगानं उत्पत्तीचा दुसरा अध्याय घेऊ, माणसाला बागेत ठेवलं ते कशासाठी. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.