विश्लेषण : सांबराची ‘मखमली’ शिंगे टिकवणे इतके कठीण का? ती घरी ठेवता येतात का?

सिंधुदुर्गात आंबोली, तिलारीच्या जंगलपट्ट्यात सांबर आणि भेकर आढळतात. जंगलात मेलेले सांबर दिसले किंवा रस्त्यावर वाहनाची धडक बसून एखादे मेले, की शिंगांसकट कवटी घरी नेण्याचा मोह काहींना होतो. त्यातही शिंगे मऊ, लवदार असतील तर कुतूहल वाढते. पण ती टिकवणे अवघड आहे आणि परस्पर घरी नेणे हा गुन्हा ठरू शकतो.

मखमल म्हणजे नेमके काय?

गव्याचे शिंग आयुष्यभर टिकते. सांबराची शिंगे मात्र हाडाची असतात, गळतात आणि पुन्हा उगवतात. वाढत्या शिंगावर बारीक केसांची जिवंत त्वचा असते, तिला व्हेल्व्हेट म्हणजे मखमल म्हणतात. तिच्यातल्या रक्तवाहिन्या हाडाला पोषण पुरवतात. वाढ पूर्ण झाली की रक्तपुरवठा थांबतो, त्वचा सुकते आणि नर ती झाडांवर घासून काढतो. उरते ते टणक शिंग.

ती लवकर का सडते?

टणक शिंग वर्षानुवर्षे टिकते, कारण त्यात सडण्यासारखे फारसे काही नसते. मखमली शिंग मात्र रक्ताने भरलेले असते. प्राणी मेल्यावर काही तासांतच ते कुजू लागते, केस सुटतात, दुर्गंधी येते. मालवणसारख्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत ते आपोआप सुकेल, ही अपेक्षाच चुकीची.

तज्ज्ञ काय करतात?

एरवी कवटी साफ करताना ती पाण्यात उकळतात किंवा मांस खाणाऱ्या किड्यांकडे सोपवतात. मखमलीला हे दोन्ही चालत नाही. गरम पाण्याने ती सुटते आणि किडे तीही खातात. त्यामुळे आधी शिंगांतले रक्त काढून टाकतात. मग रक्तवाहिन्यांत फॉर्मालिन टोचतात किंवा ‘फ्रीज ड्रायिंग’ करतात. यात शिंग गोठवून निर्वात कक्षात ठेवतात, बर्फाची थेट वाफ होते आणि आकार टिकून राहतो. फॉर्मालिनमधील फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे, त्यामुळे हा घरगुती प्रयोग नव्हे.

महाराष्ट्रात हे काम कुठे होते?

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ मध्ये वन्यजीव टॅक्सिडर्मी केंद्र सुरू झाले. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. संतोष गायकवाड यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. मृत वन्यप्राण्यांचे नमुने अभ्यास आणि प्रदर्शनासाठी जतन करणे, हा त्यामागचा उद्देश आहे.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ नुसार मृतावस्थेत सापडलेला संरक्षित वन्यप्राणी आणि त्याची शिंगे ही सरकारी मालमत्ता आहे. ती ताब्यात आल्यास ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत वन अधिकाऱ्याला कळवावे लागते. कायदा मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसाठी शिक्षा याहून कडक आहे.

आजोबांच्या काळातली शिंगे घरात असतील तर?

त्यांचे मालकी प्रमाणपत्र आहे का, ते आधी पाहा. जाहीर न केलेल्या वस्तूंसाठी केंद्राने २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत दिली होती. प्रमाणपत्र असलेली वस्तू वारशाने मिळाली, तर ९० दिवसांत तशी नोंद करावी लागते. ती विकता येत नाही. नको असल्यास २०२२ च्या दुरुस्तीनुसार स्वेच्छेने सरकारजमा करता येते, पण भरपाई मिळत नाही.

जंगलात शिंग किंवा मृत प्राणी दिसला तर?

हात लावू नका. जागा लक्षात ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवा.