पुरानी बस्तीतील वाहतूक कोंडी : जीआयएस नकाशाची मदत कितपत?

छत्तीसगडची राजधानी रायपूर ही मुंबई-हावडा लोहमार्गावर आणि हजिरा-पारादीप या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 53 वर वसली आहे. धुळे, जळगाव, अकोला, अमरावती आणि नागपूरवरून जाणारा हाच महामार्ग. शेकडो किलोमीटर विनासायास आलेला माल मात्र पुरानी बस्तीसारख्या जुन्या भागात, दुकानाच्या दारापर्यंतच्या अखेरच्या टप्प्यात अडखळतो. भौगोलिक माहिती प्रणालीची, म्हणजेच जीआयएसची खरी कसोटी या टप्प्यात लागते.

महामाया मंदिर, दूधाधारी मठ आणि बूढा तलाव यांच्या परिसरातील ही वस्ती मोटारी येण्यापूर्वीची आहे. जवळच्या लाखेनगरचे नाव मराठी वाचकांना ओळखीचे वाटेल. ‘छत्तीसगड मित्र’ हे मासिक 1900 साली सुरू करणाऱ्यांमध्ये वामनराव लाखे हे एक होते. येथे नकाशावर दोन ठिकाणे जवळ दिसली तरी मध्ये तलाव असल्यास वाहनाला वळसा घालावाच लागतो. त्यामुळे अग्निशमन केंद्र वा रुग्णालयाभोवती केवळ वर्तुळ आखून सेवेचे क्षेत्र ठरवणे फसवे ठरते.

जीआयएसमध्ये रस्ता ही केवळ रेषा नसते. प्रत्येक तुकड्याला लांबी, रुंदी, एकेरी वाहतूक, वळण्यास मनाई आणि निरनिराळ्या वेळचा वेग अशी माहिती जोडलेली असते. समजा, 300 मीटरच्या गल्लीतून ताशी 18 किलोमीटर वेगाने जाण्यास एक मिनिट लागते. बाजाराच्या वेळी वेग ताशी 5 किलोमीटरवर आला, तर त्याच अंतराला 3 मिनिटे 36 सेकंद लागतात. याउलट 700 मीटरच्या बाह्यमार्गाने ताशी 25 किलोमीटर वेगाने गेल्यास 1 मिनिट 41 सेकंद पुरतात. रुग्णवाहिकेच्या दृष्टीने जवळपास दोन मिनिटांचा हा फरक क्षुल्लक नाही. नवरात्रात महामाया मंदिराकडे भाविकांची रीघ लागते, तेव्हा हेच गणित पुन्हा बदलते.

मालवाहतुकीच्या नियोजनात आणखी एक अडचण आहे. वेगाची माहिती मुख्यत्वे मोबाइल फोन आणि वाहनांवरील उपग्रह-आधारित यंत्रांकडून मिळते. हातगाडी आणि सायकल रिक्षा यांच्यावर असे यंत्र सहसा नसते. मोठा ट्रक शिरू शकत नाही तेथे माल हीच साधने पोहोचवतात. नकाशावर मात्र त्यांची नोंद झालीच तर ‘अडथळा’ म्हणून होते. अशा नकाशाच्या आधारे बंदीचे निर्णय झाले, तर कोंडी फारशी सुटणार नाही; हमालाची आणि छोट्या दुकानदाराची मजुरी व विक्री तेवढी बुडेल.

13 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झालेल्या पीएम गतिशक्ती राष्ट्रीय बृहत् आराखड्याने रेल्वे, महामार्ग आणि बंदरांची माहिती एकाच नकाशावर आणली. महामार्ग कोठून न्यावा, गोदाम कोठे असावे यासाठी तो उपयुक्त आहे. गल्लीची रुंदी, ओट्यांनी व्यापलेली जागा, माल उतरवण्याची वेळ हे तपशील मात्र उपग्रहाच्या छायाचित्रातून पुरेसे उमगत नाहीत. त्यासाठी सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा तिन्ही वेळी फीत घेऊन गल्लीत उतरावे लागते, आणि दुकानांची रचना बदलली की ही मोजणी पुन्हा करावी लागते.