दहावीनंतर काय? आधी मुलाला विचारा

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो: पुढे काय? बँकेतील सेवेची शेवटची वर्षे कर्जविभागात गेल्यामुळे या प्रश्नाची अनेक उत्तरे मी टेबलाच्या पलीकडून पाहिली. त्यांतील एक आजही मनातून जात नाही.

एक व्यापारी सद्गृहस्थ मुलाच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी कर्ज मागावयास आले. कागदपत्रे चोख होती. मी मुलाला सहज विचारले, “हीच शाखा का निवडलीस?” त्याने वडिलांकडे पाहिले. वडील म्हणाले, “साहेब, त्याला काय विचारता? या लाइनला स्कोप आहे.” मी हसलो आणि कर्ज मंजूर केले. तिसऱ्या वर्षी मुलाने शिक्षण अर्धवट सोडले. हप्ते वडील दुकानाच्या गल्ल्यातून भरत राहिले. एकदा काउंटरवर ते हळूच म्हणाले, “तुम्ही त्या दिवशी विचारले होते, साहेब. मीच त्याला बोलू दिले नाही.” त्यांनी दोष स्वतःकडे घेतला, परंतु उत्तर न ऐकताच सही करणारा मीही होतो.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे की हा प्रश्न नववीतच विचारावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. पंधरा वर्षांच्या मुलाला नेमके उत्तर देता येणार नाही, हे स्वाभाविक आहे. त्याला कामे दाखवावीत. नात्यात, ओळखीत कोणी वकील, परिचारिका, सनदी लेखापाल, शेती-अधिकारी असतील, त्यांच्याकडे सुट्टीत चार दिवस पाठवावे. उत्पन्नाबरोबरच त्या कामातील कंटाळवाणा भाग कोणता, हेही त्याने विचारावे. जो कंटाळा सोसता येतो, ते काम बहुधा आपले असते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’चा मार्ग दाखविला, त्यातही श्रमाची ओळख शिक्षणाबरोबरच होत असे.

वाटा आपण समजतो त्याहून अधिक आहेत. दहावीनंतर आयटीआय आहे. तीन वर्षांची पदविका आहे आणि तिच्या आधारे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेशही मिळू शकतो. सी.ए. फाउंडेशनसाठी दहावीनंतर नाव नोंदविता येते. परीक्षा मात्र बारावीनंतर. बारावीनंतर पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम आहे, वास्तुकला आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार २०२२ पासून मुलींनाही उघडले आहे. विज्ञानाकडून वाणिज्य वा कला शाखेकडे वळता येते, उलट प्रवास कठीण असतो. तरीही केवळ या भीतीने विज्ञान घेऊ नये.

आता हिशेब. सात लाखांचे कर्ज दहा टक्के दराने दहा वर्षांत फेडावयाचे, तर मासिक हप्ता सुमारे ९,२५० रुपये येतो. शिक्षणकाळात हप्ता नसला तरी व्याज चालूच असते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. शक्य असल्यास ते व्याज तेव्हाच भरत जावे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास केंद्राच्या पतहमी योजनेचा आधार असल्याने तारणावाचूनही कर्ज मिळू शकते. जैन समाजाला २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्यामुळे अल्पसंख्याकांसाठीच्या शिष्यवृत्ती व शैक्षणिक कर्जयोजनांची चौकशी अवश्य करावी. हा सारा हिशेब मुलासमोर बसून करावा. पैसा कोठून येतो हे कळलेले मूल निर्णय अधिक जबाबदारीने घेते.

आपल्याकडे आणखी एक वाक्य ऐकू येते: “दुकान आहेच की.” दुकान जरूर असावे, पण गादीवर बसणाऱ्याने ती निवडलेली असावी, दुसरे काही जमले नाही म्हणून नव्हे.

कर्जाच्या अर्जावर विद्यार्थ्याच्या सहीची जागा असते. ती सही करण्यापूर्वी त्याचे म्हणणे घरात एकदा तरी ऐकले जावे, एवढीच अपेक्षा.