पेटीतल्या बिल्ल्याचं वय कसं ओळखायचं?

खापरहून मी पुन्हा एकदा तुमच्यासोबत. हा भाग ज्यांना ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी मजकूर. बोलण्यातलं 'म्हणजे' आणि 'तर' थोडं कमी केलंय, बाकी तेच.

एका श्रोत्याने टोपीच्या पितळी बिल्ल्याचा फोटो पाठवला. घरात सांगतात की पणजोबा पहिल्या महायुद्धात होते आणि हा बिल्ला त्यांचाच. भावकीतलं कुणी म्हणतंय, विकून टाकू. तर प्रश्न असा, की बिल्ला नक्की कधीचा?

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून माझ्या पद्धतीने सांगतो. बिल्ला म्हणजे एखाद्या ॲपची जुनी आवृत्ती समजा. पलटणीचं नाव बदललं, काम बदललं, राज्य बदललं की बिल्लाही बदलतो. आपल्याकडचंच बघा ना. पत्त्यात 'जिल्हा नंदुरबार' असेल तर कागद १ जुलै १९९८ नंतरचा. त्याआधी आपण धुळे जिल्ह्यात होतो. बिल्ल्याचंही गणित हेच.

पहिली खूण: मुकुट की सिंह?
वर अशोकस्तंभाचे सिंह असतील तर बिल्ला स्वतंत्र भारताचा. मुकुट असेल तर इंग्रजी अमदानीतला. पण मुकुटाचा आकारही बघायचा. १९०१ नंतरच्या राजांच्या काळातला मुकुट वरून घुमटासारखा गोल असतो. राणी एलिझाबेथ १९५२ मध्ये गादीवर आल्या, त्यानंतरच्या मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या. भारत तर १९५० मध्येच प्रजासत्ताक झाला! म्हणजे १९२२ नंतरचं नाव असलेल्या मराठा पलटणीच्या बिल्ल्यावर दबलेला मुकुट दिसला, तर तो मागाहून बनवलेला. ऑनलाइन घेताना एवढं जरी पाहिलं तरी पैसे वाचतील.

दुसरी खूण: नाव आणि नंबर
मराठा पलटणींना १९०३ च्या फेररचनेत १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे नंबर मिळाले. १९२२ मध्ये या सगळ्या एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तो ५ चा आकडा गेला. स्पेलिंगही बदललं: आधी 'एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए', स्वातंत्र्यानंतर 'एम-ए-आर-ए-टी-एच-ए'. म्हणजे ११४ नंबर दिसला तर १९०३ ते १९२२, आणि ५ दिसला तर १९२२ ते युद्ध संपेपर्यंत.

तिसरी खूण: चित्र
इथे महार रेजिमेंटचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्धानंतर मोडली गेली. मग १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता आणि त्यावर 'महार' हा शब्द. १९४६ मध्ये रेजिमेंटला मशीनगनचं काम मिळालं, तेव्हा एकमेकांवर तिरक्या ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन आल्या. पुढे स्तंभ काढून तिथे खंजीर आला. म्हणजे नुसता स्तंभ, स्तंभ आणि गन, खंजीर आणि गन, असे तीन टप्पे.

चौथी खूण: धातू
सोन्यासारखा चकचकीत पण हाताला हलका लागला, तर ते रंग चढवलेलं ॲल्युमिनियम. ही पद्धत १९५० च्या दशकापासूनची. ठशाने दाबून काढलेल्या बिल्ल्याच्या रेषा धारदार असतात, ओतीव बिल्ल्याच्या बोथट. मात्र युद्धकाळात इथल्या बाजारात ओतलेले बिल्लेही सैनिक वापरत, म्हणून ओतीव म्हणजे नकली, असा निकाल लगेच देऊ नका.

आता त्या फोटोकडे येऊ. त्यात दोन मशीनगन आणि खंजीर आहे. म्हणजे तो १९४६ च्याही नंतरचा. पहिल्या महायुद्धातल्या माणसाने तो तेव्हा टोपीला लावलेला असणं शक्य नाही. मग घरच्यांनी सांगितलं ते खोटं? तसंही नाही. पणजोबा गेले असतील, आणि नंतर घरातलं दुसरं कुणी याही रेजिमेंटमध्ये असेल. दोघांची गोष्ट एकाच्याच नावावर जमा झाली असेल. बिल्ला काळ सांगतो, पलटण सांगते. माणूस सांगत नाही.

माणूस सांगतं ते मेडल. पहिल्या महायुद्धाच्या गोल मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंगातून कड बघा. आणि हात जोडून सांगतो, चिंच-राखेने घासू नका. घासून घासून आधी जातं ते हेच नाव. दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो तिरक्या उजेडात काढा. डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं पुस्तक, टोपीतला फोटो, जे असेल ते एकाच डब्यात ठेवा.

विकायचा का, हे घरच्यांनी ठरवायचं. पण त्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकच विचारा: "१९४६ नंतर आपल्याकडून पलटणीत कोण गेलं होतं?" उत्तर मिळालं तर मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!